उडत्या वटवाघळाचा रात्रीचा फोटो: फ्रेम रिकामी का येते, पंख का पुसला जातो

केळफुलावर रात्री येणाऱ्या फळवटवाघळांचे फोटो काढू लागलेल्या बहुतेकांची तक्रार ठरलेली असते. फ्लॅश चमकतो, शटर वाजतं आणि पडद्यावर बघावं तर नुसतं केळफूल. कधी फ्रेमच्या कडेला एक पाय आणि पंखाचं टोक. कधी वटवाघूळ अगदी मधोमध सापडतं, पण पंखांच्या जागी तपकिरी धूर. सेटिंग बदलून दुसऱ्या रात्री पुन्हा जागावं, तरी तेच. मग लेन्सवर संशय येतो, नवा कॅमेरा घ्यायच्या गोष्टी सुरू होतात. माझं ठाम मत आहे की यात लेन्सचा दोष क्वचितच असतो. गडबड वेळेची असते आणि नेमकी कुठल्या टप्प्यावर आहे ते बिघडलेला फोटोच सांगतो. त्यामुळे वाया गेलेल्या फ्रेम लगेच पुसून टाकू नका. संगणकावर घ्या, पूर्ण मोठ्या करा आणि मग पुढचं वाचा.

इथे मी मुख्यतः एकाच प्राण्याबद्दल लिहितोय: आखूड नाकाचं फळवटवाघूळ, शास्त्रीय नाव सायनोप्टेरस स्फिंक्स. कोकणात परसातल्या केळीवर, देशावर पेरू-चिकूच्या बागेत, विदर्भात मोहाच्या फुलांवर ते येतं. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ४० ते ४५ सेंटीमीटर. संध्याकाळी केळफुलाची एखादी जांभळी पाकळी उचलली जाते, आतल्या फुलांत मध साठतो आणि अंधार पडला की फेऱ्या सुरू होतात. एकेक भेट क्षणाची. आधी फुलाभोवती एखादी घिरटी, मग खालून वर येऊन लटकणं, तोंड आत खुपसणं आणि सुटून जाणं. घाटात किंवा अभयारण्यात रात्री शिरण्यापेक्षा घरच्या किंवा ओळखीच्या बागेतली एक केळ या कामाला कितीतरी चांगली. परवानगीचा प्रश्न येत नाही आणि सामान एकाच जागी ठेवून रोज थोडीथोडी सुधारणा करता येते.

या वटवाघळाच्या अंगावर आपल्या कामाच्या दोन खुणा असतात. कानांना पांढरट कड असते आणि काळपट पंखात बोटांची हाडं फिकट, जवळजवळ पांढरी दिसतात. म्हणजे पंखावर निसर्गानेच रेघा आखून ठेवल्या आहेत. फोटो मोठा करून आधी कानाची कड बघायची, मग पंखाच्या टोकाकडची हाडाची रेघ. या दोन्हींची तुलना केली की निम्मं निदान होतं.

कान स्पष्ट, पंखाचं टोक पुसलेलं

हा सर्वांत जास्त दिसणारा दोष, आणि याच्याबद्दल गैरसमजही सर्वांत जास्त. शटर १/२५० वर आहे, मग ते वाढवून १/२००० करू, असं पहिल्यांदा सुचतं. पण अंधारात फक्त फ्लॅश वापरून फोटो काढताना हालचाल शटर थांबवत नाही, फ्लॅशची ठिणगी थांबवते. ठिणगी किती वेळ पेटते तेवढाच वेळ वटवाघूळ कॅमेऱ्याला ‘दिसतं’.

आता हा वेळ किती? निकॉनच्या एसबी-९०० या फ्लॅशचे कंपनीने दिलेले आकडे घेऊ: पूर्ण शक्तीवर १/८८० सेकंद, १/८ शक्तीवर १/५,०००, १/१६ वर १/१०,०००, १/३२ वर १/२०,०००. कॅमेऱ्यावर बसणारे इतर फ्लॅशही याच पद्धतीने चालतात, कारण शक्ती कमी केली की ते ठिणगी मधेच तोडतात. शक्ती कमी तितका झोत आखूड.

आणि वटवाघळाचा पंख? ढोबळ हिशेब असा. एका बाजूचा पंख २० सेंटीमीटर, सेकंदाला दहाएक फडफडी, प्रत्येक वेळी पंख वर-खाली सव्वाशे अंशांच्या आसपास फिरतो. टोकाचा वेग सेकंदाला आठ मीटरच्या घरात जातो. पूर्ण शक्तीच्या फ्लॅशमध्ये तेवढ्या वेळात टोक ९ मिलिमीटर सरकतं, म्हणजे हाडाची रेघ पुसलीच. १/३२ शक्तीवर तेच सरकणं अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. धड त्या मानाने संथ जात असतं, म्हणून कान स्पष्ट येतो आणि पंख येत नाही. शिवाय कंपन्या फ्लॅशचा वेळ मोजताना झोत अर्ध्यावर उतरला की घड्याळ थांबवतात, मागे रेंगाळणारा उजेड त्यात धरलेला नसतो. पूर्ण शक्तीवर ही शेपटी बरीच लांब असते.

तेव्हा मॅन्युअल मोडमध्ये १/१६ ही वरची मर्यादा समजा, १/३२ उत्तम. उजेड कमी पडतो, तो तीन मार्गांनी भरून काढायचा: फ्लॅश जवळ आणा, दोनऐवजी तीन-चार लावा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८०० पर्यंत न्या. याच फ्लॅशचा गाइड नंबर (त्याची ताकद सांगणारा आकडा, एफ-आकड्याने भागला की अंतर मिळतं) ३५ मिलिमीटर झूमला, आयएसओ १०० वर, ३४ मीटर आहे. १/३२ शक्ती आणि आयएसओ ८०० धरला तर एफ/११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र इतकं बारीक ठेवल्यावर, फ्लॅश वटवाघळापासून दीड मीटरवर हवा. प्राणी गडद रंगाचा, म्हणून मी तो एक मीटरवरच आणतो. फ्लॅश लेन्सला चिकटून नको, दोन्ही बाजूंना आणि थोडे वर हवेत, नाहीतर डोळे केशरी दिव्यांसारखे पेटतात आणि हवेतला प्रत्येक कण पांढरा ठिपका होऊन समोर येतो. एखादा फ्लॅश मागून, फ्रेमबाहेर लपवून लावलात तर पंखाचा पडदा आतून उजळतो आणि त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. तो फोटो एकदा मिळाला की समोरून सपाट उजेड टाकलेले फोटो नकोसे होतात.

दोन सापळे इथे आहेत. पहिला हाय-स्पीड सिंकचा. शटर सिंकच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे फ्लॅशच्या एका ठिणगीसोबत चालणाऱ्या सर्वांत जास्त वेगापलीकडे नेलं की अनेक कॅमेऱ्यांत तो आपोआप सुरू होतो. त्यात फ्लॅश एक ठिणगी देत नाही, शटरची फट सेन्सरवरून सरकत असताना सतत लुकलुकत राहतो. हालचाल थांबवण्याची त्याची ताकद जाते, उजेडही घटतो. शटर १/२०० वर ठेवा आणि मेन्यूमधून हा पर्याय बंद करा. दुसरा सापळा स्टुडिओतल्या मोठ्या दिव्यांचा. त्यातल्या जुन्या पद्धतीच्या बऱ्याच दिव्यांत शक्ती कमी केली की झोत उलट लांबतो. बागेत छोटे फ्लॅशच बरे.

एका हाडाच्या दोन रेघा

रेघ पुसलेली नाही, स्पष्ट आहे, पण जुळ्यासारखी दोनदा आलीय. याचा अर्थ दोन फ्लॅश वेगवेगळ्या क्षणी पेटले. बहुधा ते वेगवेगळ्या जातीच्या ट्रिगरवर (फ्लॅश पेटवणाऱ्या उपकरणावर) असतात आणि एक दुसऱ्यापेक्षा उशिरा पेटतो. टीटीएलवर, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप उजेड ठरवण्याच्या पद्धतीवर राहिलेला फ्लॅशही घोळ घालतो: तो मुख्य झोताआधी मोजमापासाठी एक छोटा झोत सोडतो आणि दुसरा, उजेड बघून पेटणारा फ्लॅश त्या छोट्या झोतालाच फसतो. सगळे फ्लॅश मॅन्युअलवर आणा, सगळ्यांची शक्ती सारखी ठेवा, शक्यतो सगळे एकाच जातीच्या ट्रिगरवर जोडा.

पंखातून पान दिसतंय

वटवाघूळ काचेसारखं पारदर्शक झालंय, मागचं केळीचं पान किंवा आभाळ त्याच्या अंगातून दिसतंय. शटर बराच वेळ उघडं होतं, फ्लॅशने वटवाघूळ टिपलं, ते निघून गेलं आणि मागे राहिलेल्या वेळात पार्श्वभूमीचा उजेड त्याच जागी उमटला. ओट्यावरचा दिवा, रस्त्यावरचा खांब, चंद्र, काहीही पुरतं. तपासणी सोपी आहे: फ्लॅश बंद करून त्याच सेटिंगवर एक फ्रेम घ्या. ती कुळकुळीत काळी आली पाहिजे. करडी आली तर दिवा मालवा, कॅमेऱ्याचा कोन बदलून आभाळ फ्रेमबाहेर काढा किंवा शटरचा वेळ कमी करा. पौर्णिमेच्या आगेमागे मी सामान मांडतच नाही. लख्ख चांदण्यात या वटवाघळांची वर्दळही कमी असते, त्यामुळे दोन्हीकडून तोटा.

रिकामी फ्रेम, किंवा नुसतं शेपटाकडचं टोक

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त रात्री याच दोषात जातात.

वटवाघूळ आलं की कॅमेरा आपोआप चालवायला सेन्सर लावतात. आधी तो कुठला आहे ते बघा. घराच्या दिव्याला लावतात तो, म्हणजे अंगाची ऊब ओळखणारा पीआयआर सेन्सर या कामाचा नाही. माणूस किंवा बिबट्या चालत गेला तर त्याला कळतं, पण वटवाघूळ त्याच्या पट्ट्यातून जाऊन बाहेर पडेपर्यंत तो विचार करत असतो. कॅमेरा ट्रॅपमध्येही बहुधा हाच असतो. आपल्याला हवा तो अदृश्य किरणाचा सेन्सर: एका बाजूने इन्फ्रारेड किरण सोडणारा, समोर तो झेलणारा. किरण तुटला की ट्रिगर.

हा सेन्सर लावूनही फ्रेम रिकामी येत असेल तर उशीर कॅमेऱ्याचा आहे. डीएसएलआरमध्ये बटण दाबल्यापासून आरसा वर जाऊन शटर उघडेपर्यंत साधारण ५० ते ६० मिलिसेकंद जातात. वटवाघूळ सेकंदाला ६ मीटर वेगाने जात असेल तर तेवढ्यात ते ३० ते ३६ सेंटीमीटर पुढे गेलं. जवळजवळ स्वतःच्या पंखांच्या पसाऱ्याइतकं. किरण अगदी बरोबर जागी तुटला होता, फ्रेम मात्र ते गेल्यानंतरची आहे.

उशीर कमी करण्यासाठी आधी फोकस मॅन्युअल करा. ऑटोफोकस चालू असेल तर कॅमेरा अंधारात फोकस शोधत बसतो आणि सगळं हातचं जातं. ट्रिगरच्या वायरमध्ये अर्ध्या बटणाची आणि पूर्ण बटणाची अशा दोन जोडण्या असतात. अर्ध्या बटणाची जोडणी कायम दाबलेली ठेवली की कॅमेरा जागा राहतो आणि काही मिलिसेकंद वाचतात. मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक निवडा. पूर्ण मूक शटर मात्र नको, बहुतेक कॅमेऱ्यांत त्यावर फ्लॅश पेटतच नाही. आणि फ्लॅशची आपोआप झोपी जाण्याची सोय बंद करा. झोपलेला फ्लॅश पहिल्या भेटीला कधीच वेळेवर पेटत नाही.

उरलेला उशीर जागेने भरून काढायचा. वटवाघूळ ज्या बाजूने येतं त्या बाजूला किरण फुलाच्या आधी २५-३० सेंटीमीटर सरकवा. त्यासाठी ते कुठून येतं हे माहीत हवं, आणि ते कळण्यासाठी पहिली संध्याकाळ कॅमेरा न काढता मंद लाल उजेडात बसून बघण्यात घालवावी लागते. ही पायरी गाळू नका. एका फुलावर येण्याचा त्यांचा मार्ग बऱ्यापैकी ठरलेला असतो. मोकळ्या बाजूने येतात, पानांच्या गर्दीतून नाही.

दुसरी, मला जास्त आवडणारी पद्धत कॅमेऱ्याचा उशीर पूर्णपणे टाळते. ट्रिगर कॅमेऱ्याला न जोडता थेट फ्लॅशला जोडायचा. कॅमेरा १५-२० सेकंदांच्या फ्रेम एकामागून एक घेत राहतो, शटर जवळजवळ सतत उघडं असतं आणि किरण तुटताच फक्त फ्लॅश पेटतो. फ्लॅशला लागणारा वेळ इतका कमी की वटवाघूळ किरणाच्या जागेवरच सापडतं. अट एकच, अंधार पुरा हवा. वर सांगितलेली काळ्या फ्रेमची तपासणी इथे अनिवार्य. आणि ‘लाँग एक्स्पोजर नॉईज रिडक्शन’ बंद करायला विसरू नका. ते चालू राहिलं तर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ आंधळा बसतो, फ्लॅश चमकतात आणि कार्डावर काहीच नसतं. फ्लॅश दिसला पण फोटो नाही, ही तक्रार आली की मी आधी हाच पर्याय तपासायला सांगतो.

कान आणि हाड दोन्ही सारखेच धूसर, फूल मात्र स्पष्ट

हा फोकसचा दोष आणि सुटायला सोपा. फुलावर फोकस केला, वटवाघूळ फुलाच्या पुढे किंवा मागे होतं. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ७० मिलिमीटर लेन्स, अंतर दीड मीटर, एफ/११ असेल तर स्पष्ट पट्टा एकूण ३० सेंटीमीटरचा मिळतो. एफ/५.६ ला तो निम्मा. म्हणून एफ/११ सोडू नका. किरण कॅमेऱ्याच्या सेन्सरला समांतर, फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा ठेवा. मग वटवाघळाने किरण कुठेही तोडला तरी कॅमेऱ्यापासूनचं अंतर तेच राहतं. किरण जेथून जातो तिथे एक काठी उभी धरून, टॉर्च मारून फोकस घ्या आणि फोकस रिंगवर चिकटपट्टी लावा. किरणाचे दोन खांब फ्रेमच्या रुंदीपेक्षा फार लांब ठेवू नयेत, नाहीतर फ्रेमबाहेरून जाणारं वटवाघूळही फ्लॅश पेटवतं. दोन किरण एकमेकांना छेदतील असे लावणारे सेन्सर मिळाले तर नेमका एक बिंदूच पकडता येतो, पण त्याची जुळवणी अंधारात जिकिरीची. एका किरणावर हात बसल्यावरच तिकडे वळा.

वटवाघूळ नसताना फ्लॅश पेटत राहणं

केळीचं पान. दहापैकी बहुतेक वेळा तेच. दिवसा लांब वाटणारं पान रात्रीच्या वाऱ्यात डोलत किरणात येतं. सुतळीने हलकेच बाजूला बांधा, कापू नका. त्याखालोखाल पतंग, कोळ्याचं ताजं जाळं आणि भुरभुर पाऊस. सेन्सरला एकदा पेटल्यावर काही सेकंद गप्प बसवायची सोय असेल तर ती वापरा. ऑक्टोबरनंतर कोकणात आणि घाटात लेन्सवर दव बसतं. सगळे फोटो हळूहळू दुधाळ होत गेले तर कारण तेच, लेन्सची हूड लावा आणि अधूनमधून काच बघा.

मोठ्या वटवाघळांचं वेगळं आहे

वडा-पिंपळावर शेकड्यांनी लटकणारी मोठी वटवाघळं, पंखांचा पसारा सव्वा ते दीड मीटर, त्यांना वरची काहीच यंत्रणा लागत नाही. सूर्यास्तानंतर आभाळात उजेड असतानाच ती बाहेर पडतात. २०० ते ३०० मिलिमीटर लेन्स, शटर १/१००० च्या आसपास, आयएसओ ३२०० किंवा वर, आणि आभाळामुळे पोट काळं पडू नये म्हणून एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवून. उन्हाळ्यात ती तळ्यावर येतात, छाती पाण्याला घासत जातात आणि मग फांदीवर बसून केसांतलं पाणी चाटतात. पाण्याला टेकण्याचा क्षण पकडायचा तर तळ्याच्या काठावर खाली बसा, वरून नको. त्या दिवसांत बऱ्याच माद्यांच्या छातीला पिल्लू चिकटलेलं असतं, तेव्हा त्यांच्या वाटेत फ्लॅश अजिबात मारू नये.

कुठे जाऊ नये

गुहा, किल्ल्यावरची भुयारं, जुन्या देवळांचे अंधारे गाभारे, म्हणजे वटवाघळांची दिवसाची घरं, तिथे फ्लॅश घेऊन शिरू नका. पिल्लांच्या दिवसांत एक गडबड झाली की पिल्लं खाली पडतात. आपल्या तब्येतीचाही प्रश्न आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून नमुने घेतले होते, त्यातल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या आणि २०२१ मध्ये ते जाहीर झालं. विष्ठेच्या ढिगांतल्या बुरशीने फुप्फुसाचा आजारही होतो. बागेत मोकळ्या हवेत, हात न लावता फोटो काढण्याची गोष्ट वेगळी आहे. खाली पडलेलं वटवाघूळ उचलायचं नाही, अर्धवट खाल्लेलं फळ खायचं नाही, एवढं पाळा.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमधलं रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ तर जगात मोजक्याच ठिकाणी सापडलेलं, कायद्याचं सर्वांत कडक संरक्षण असलेलं. आता तो भाग भीमगड अभयारण्यात आहे. त्याच्या घराचं दार आपल्या छंदासाठी उघडायचं नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळवटवाघळं अनेक वर्षं उंदीर-कावळ्यांच्या सोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली, दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. बागायतदारांच्या मनातला राग मात्र एका दुरुस्तीने जात नाही. फुलात तोंड खुपसून परागाने माखलेला चेहरा दाखवणारा एक चांगला फोटो बागेच्या मालकाला दाखवा. मी दाखवतो, आणि त्यानंतर ते जाळं लावायच्या आधी विचारायला येतात. याच कारणासाठी मला हे फोटो स्पष्ट यायला हवे असतात.

फ्लॅशचा त्रास होतोय का, हे कसं ओळखावं

अंदाज करत बसू नका, मोजा. एका रात्री सेन्सर लावा पण फ्लॅशची जोडणी काढून ठेवा. बहुतेक सेन्सरवर किरण तुटला की छोटा दिवा लुकलुकतो, त्यावरून तासाभरात किती भेटी झाल्या ते लिहून घ्या. दुसऱ्या रात्री त्याच वेळी, त्याच फुलावर फ्लॅश जोडून मोजा. भेटी ठळकपणे कमी झाल्या, वटवाघळं फुलाजवळ येऊन न टेकताच वळू लागली, तर फ्लॅश तिथून काढा. शक्ती आणखी कमी करा, एका रात्रीत मर्यादित फ्रेम घेऊन बंद करा, मधे दोन-तीन रात्री फूल त्यांच्यासाठी मोकळं सोडा. तरीही भेटी पूर्वपदावर आल्या नाहीत तर ती केळ सोडून द्या आणि दुसऱ्या घडाला पाकळी उचलली जाईपर्यंत थांबा.